बर्ड डॉग स्वतः शिकवायचा की ट्रेनरकडे द्यायचा?

भीतीच्या स्मृतीवरच्या भागात मी ओघात माझ्या चकलीचा उल्लेख केला, आणि त्यानंतर आलेल्या ईमेल्समध्ये माझ्या उंदरांबद्दल एकही प्रश्न नव्हता. सगळे कुत्रीबद्दल. दोघांनी तर सरळ विचारलंय: पॉइंटरचं पिल्लू घेतोय, स्वतः शिकवू की ट्रेनरकडे पाठवू? त्याचं हे जरा लांबलेलं उत्तर.

आधी बर्ड डॉग म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे शिकारी कुत्रा म्हटलं की कारवान किंवा मुधोळ आठवतो. ही कुत्री डोळ्यांनी शिकार करतात. ससा दिसला की वाऱ्यासारखी सुटायची. पॉइंटरचं उलटं आहे. तो नाकाने शोधतो आणि सापडलं की थांबतो. गवतात दडलेल्या पक्ष्याचा वास आला की एक पाय उचललेला, शेपूट ताठ, असा दगड होऊन उभा राहतो. मग माणूस पुढे जाऊन पक्षी उठवतो, बंदूकवाला गोळी झाडतो आणि सांगितल्यावरच कुत्रा पडलेला पक्षी तोंडात धरून आणून देतो. इथे मिनेसोटात हे मुख्यतः फेझंटसाठी चालतं. फेझंटही आपल्यासारखाच आशियातून आलेला. १८८० च्या दशकात ओवेन डेनी नावाच्या, शांघायमधल्या अमेरिकन वाणिज्यदूताने तो चीनमधून ओरेगॉनला पाठवला, आणि आता मिडवेस्टमध्ये तो इथलाच समजला जातो.

चकली जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर आहे, तपकिरी ठिपक्यांची. लॅबमधल्या एका सहकाऱ्याच्या कुत्रीला पिल्लं झाली आणि मी एक घेऊन आले. मी स्वतः बंदूक चालवत नाही, दोन मित्र चालवतात. आई अजून फोनवर विचारते, "अगं, पक्षी मारायला शिकवतेस तिला?" या प्रश्नाचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच सांगते की ज्या कामासाठी शेकडो वर्षं जिची निपज केली ती कुत्री अपार्टमेंटमध्ये सोफा फाडत बसते, आणि गवताळ रानात नेली की वेगळीच होते.

आता मुद्दा. थांबायचं हे चकलीला कोणी शिकवलं नाही. दहा आठवड्यांची असताना काठीला दोरीने बांधलेल्या पक्ष्याच्या पंखासमोर ती पाय उचलून उभी राहिली होती. वर्तनशास्त्रात याची दुसरी बाजू प्रसिद्ध आहे. केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे स्किनरचे विद्यार्थी प्राण्यांना जाहिरातींसाठी आणि जत्रांसाठी खेळ शिकवायचे. १९६१ मध्ये त्यांनी एका लेखात आपल्या फजित्या मांडल्या. रकूनला नाणी डब्यात टाकायला शिकवलं, तर तो ती सोडेचना, खाणं धुतल्यासारखी एकमेकांवर घासत बसायचा. बक्षीस मिळत नसतानाही उपजत वागणं वर आलं. पॉइंटरच्या बाबतीत हाच उपजतपणा आपल्या बाजूने असतो. मालक किंवा ट्रेनर, कोणीही कुत्र्याच्या आत 'पॉइंट' घालत नाही. शिकवायचं ते बाकीचं: बोलावल्यावर येणं, सांगितल्यावर थांबणं, आणणं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे पक्षी डोळ्यांसमोर उडाला तरी जागचं न हलणं.

हे शेवटचं कोण शिकवतं? बहुतेकांना वाटतं माणूस. खरं तर पक्षी शिकवतो, आणि ट्रेनरला आपण पैसे देतो ते मुख्यतः या पक्ष्यांचे.

समजा तुम्ही पिंजऱ्यात वाढवलेले दोन लावे विकत आणून गवतात ठेवले. असा लावा धड उडत नाही. पिल्लू पॉइंट करतं, मग एक पाऊल पुढे, मग आणखी एक, मग झडप, आणि लावा तोंडात. एका झटक्यात पिल्लू शिकलं की थांबण्यापेक्षा झडप घालणं फायद्याचं. याहून मोठं बक्षीस त्याच्या आयुष्यात नाही. आता तुम्ही खिशातल्या बिस्किटांनी त्याच्याशी स्पर्धा करा! रानातला फेझंट असं करू देत नाही. कुत्रं फार जवळ आलं की तो फडफडत निघून जातो. पण रानातले पक्षी तुम्ही सांगाल तेव्हा, सांगाल तिथे बसत नाहीत.

म्हणून ट्रेनरकडे दोन गोष्टी असतात. एक, कबुतरांची ढाबळ. पाळलेली कबुतरं उडाली की घरी परततात, त्यामुळे तोच पक्षी उद्या पुन्हा वापरता येतो. (कोल्हापूरच्या मित्राला हे सांगितलं तेव्हा त्याला ट्रेनरबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.) दुसरी, रिमोटवर उघडणारी स्प्रिंगची पेटी. कबुतर पेटीत, पेटी गवतात. कुत्र्याला वास आला, ते थांबलं, तर सगळं शांत. त्याने एक पाऊल पुढे टाकलं की बटण दाबायचं, कबुतर आकाशात. कुत्र्याच्या लेखी घडलं ते इतकंच: मी हललो, म्हणून पक्षी गेला. कोणी ओरडलं नाही, कोणी दोरी ओढली नाही. हे पुरेशा वेळा झालं की ते आपणहून खिळून उभं राहतं.

हे वाचायला सोपं वाटतं. बटण मात्र त्या पावलाबरोबरच दाबावं लागतं. दोन सेकंद उशीर झाला तर कुत्र्याने मधल्या काळात मान वळवलेली असते आणि ते भलतंच काहीतरी शिकतं. कान, शेपूट, खांद्याचे स्नायू बघून 'आता हलणार' हे आधी ओळखायला शेकडो कुत्री पाहिलेली असावी लागतात. मी पाहिलेली कुत्री: एक.

आता माझी चूक, कारण तुम्ही ती करू नये. चकली पाच महिन्यांची असताना मित्र एका शेतावर मातीच्या चकत्यांवर नेमबाजी करायला निघाले होते. म्हटलं, हिलाही नेऊ, आवाजाची सवय होईल. पिकअपला बांधून ठेवली. पहिल्याच बाराला ती गाडीखाली घुसली, आणि त्यानंतर कित्येक दिवस गाडीचं दार आपटलं तरी थरथरायची. मी भीतीच्या स्मृतीवर पीएचडी केलेली बाई. उंदराला एका फटक्यात भीती कशी शिकवायची हे मी रोज करते, आणि स्वतःच्या कुत्रीवर नेमका तोच प्रयोग करून बसले: आवाज पूर्ण अनोळखी, प्रचंड मोठा, पळायला जागा नाही, आणि सोबत आनंदाचं काहीच नाही.

बरोबर पद्धत याच्या उलट. आधी पिल्लाला पक्ष्यांचं वेड लागू द्यायचं, आवाज अजिबात नाही. मग ते पक्ष्यामागे जिवाच्या आकांताने धावत असताना लांबून, शंभरेक पावलांवरून, एक हलका बार. लक्षही जात नाही. अंतर हळूहळू कमी करायचं. बार झाला म्हणजे पक्षी आहे, असं नातं जुळतं. हे घडवणं फार कठीण नाही. बिघडलेलं दुरुस्त करणं मात्र फार कठीण, आणि कधीकधी होतच नाही.

मग मी ट्रेनर शोधला. चकली दोन महिने त्याच्याकडे राहिली, महिन्याचे ९०० डॉलर, पक्ष्यांचे वेगळे. पोस्टडॉकच्या पगारात हे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. दोन महिन्यांनी त्याच्या शेतावर पाहिलं तर चमत्कार! बार झाला आणि बाईसाहेब आकाशात पक्षी शोधतायत. घरी आणली, जवळच्या रानात मित्राने बार काढला, आणि चकली पुन्हा माझ्या पायात.

माझा पहिला विचार: फसवलं. दुसरा विचार यायला लाज वाटावी इतका वेळ लागला. मार्क बाउटन यांचं काम मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते. भीती विझवली म्हणजे ती पुसली जात नाही. तिच्यावर नवं शिकणं बसतं, आणि ते नवं शिकणं जागेला चिकटलेलं असतं. जागा बदलली की जुनं परत वर येतं. चकली हे शिकली होती की *त्या* शेतावर, *त्या* माणसाबरोबर बार सुरक्षित असतो. माझ्याबरोबरचं तिला काहीच माहीत नव्हतं.

आणखी एक घोळ होता. ट्रेनर थांबायला 'व्हो' म्हणायचा, मी घरी 'थांब'. चकलीला मराठी कळत होतं, ट्रेनरला नाही, आणि हे त्याला आधी सांगायला मी विसरले. तुम्ही घरी जे शब्द वापरता ते कागदावर लिहून द्या. ट्रेनर हसतील, पण वापरतील.

पुढचे चार शनिवार त्याने मला बोलावलं. पहिल्या शनिवारी कुत्री गाडीतच. त्याने दोरी स्वतःच्या कमरेला बांधली आणि म्हणाला, मी कुत्रा, तू मला थांबव. अर्ध्या तासात कळलं की मी 'थांब' तीनदा म्हणते आणि दोरी तिसऱ्यांदा ओढते. म्हणजे माझ्या कुत्रीच्या दृष्टीने पहिले दोन 'थांब' नुसता खोकला. मग तिसऱ्या-चौथ्या शनिवारी चकली, कबुतर आणि रिमोट माझ्या हातात. त्यानंतर तेच सगळं आम्ही आणखी तीन वेगवेगळ्या ठिकाणी केलं.

तर माझं मत. पहिले काही महिने कोणाला देऊ नका. स्कॉट आणि फुलर यांनी मेनमधल्या जॅक्सन लॅबमध्ये वर्षानुवर्षं पिल्लं पाहिली. त्यांच्या १९६५ च्या पुस्तकानुसार पिल्लाची माणसांशी नाती जुळण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा. पिल्लू आठव्या आठवड्यात घरी येतं, म्हणजे हातात फारच थोडे दिवस. त्या दिवसांत त्याला लोक, गवत, पाणी, जिने, गाडी सगळं दाखवा, आणि बोलावल्यावर यायला शिकवा. याला ट्रेनर लागत नाही, वेळ लागतो. पक्षी आणि बंदूक मात्र अशा माणसाबरोबर, ज्याच्याकडे ढाबळ आहे. तो पगारी ट्रेनरच हवा असं नाही. वर्सटाइल कुत्र्यांची नाव्हडा ही संस्था १९६९ पासून आहे आणि तिच्या स्थानिक शाखांत हौशी लोक एकत्र येऊन कुत्री शिकवतात. मला हे उशिरा कळलं, नाहीतर बरेच डॉलर वाचले असते. मुक्कामी ठेवायचीच वेळ आली तर ट्रेनरला पहिला प्रश्न हा विचारा: मला किती दिवस शिकवणार? 'गरज नाही, कुत्रा तयार मिळेल' असं उत्तर आलं तर दुसरा बघा. इलेक्ट्रिक कॉलर कसा आणि कधी वापरतो, हेही विचारा. इथे तो सर्रास चालतो, वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे.

आणि अमेरिकेत व्हिसावर असाल तर बंदुकीला हात लावण्याआधी थांबा. फेडरल कायद्याने व्हिसावरच्या लोकांना बंदूक बाळगायला साधारणपणे मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद, पण इमिग्रेशनच्या वकिलाला विचारूनच. मला कुत्रीसोबत नुसतं चालायला आवडतं, त्यामुळे माझा प्रश्न सुटला.

गेल्या ऑक्टोबरमध्ये चकलीने ओढ्याकाठच्या उंच गवतात एक नर फेझंट धरला. मी पुढे गेले, तो उठला, मित्राचा बार झाला आणि नेम चुकला. चकली जागची हलली नाही. फक्त मान वळवून आधी पक्ष्याकडे, मग मित्राकडे पाहिलं. चार जुलैच्या फटाक्यांना मात्र ती अजूनही बाथटबमध्ये जाऊन बसते, आणि मी उशी घेऊन तिच्या शेजारी.