अडीचशे वर्षांची मोजदाद

९१,६०० दिवस. वर्षांत मांडले तर जवळजवळ अडीचशे वर्षे. मध्य आफ्रिकेच्या जंगलांत हत्ती किती उरलेत, एवढ्या एका प्रश्नापायी माणसांचे इतके दिवस खर्ची पडले. कॅमेरून, गॅबन, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि दोन्ही काँगो अशा पाच देशांत २००२ ते २०११ या काळात ही पाहणी झाली. साठाहून अधिक शास्त्रज्ञ तिच्यात होते, पण पायपीट केली ती मुख्यतः तिथल्या स्थानिक कर्मचाऱ्यांनी. सगळे मिळून चालले १३,००० किलोमीटर. आता भागाकार करून पाहा: माणशी दिवसाला जेमतेम १४० मीटर!

यात कामचुकारपणा शोधू नका. नकाशावर सरळ रेषा आखलेली असते आणि होकायंत्र दाखवेल त्याच दिशेने जायचे असते. मध्ये दलदल आली की दलदलीतून. सोयीची वाट धरली तर हिशेबच चुकतो, कारण हत्तीही सोयीच्याच वाटा धरतात. एक जण पुढे झुडपे छाटतो, एक दिशा सांभाळतो, बाकीच्यांची नजर जमिनीवर. गर्द जंगलात हत्ती क्वचितच दिसतो, त्याची लीद मात्र दिसते. लिदीचा ढीग दिसला की रेषेपासून तो किती अंतरावर आहे ते टेपने मोजायचे आणि किती जुना आहे ते वहीत टिपायचे. हत्ती दिवसाला साधारण किती वेळा लीद टाकतो आणि ती किती दिवसांत कुजते, हे ठाऊक असले की ढिगांवरून हत्तींचा अंदाज निघतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष हादरवणारा होता. नऊ-दहा वर्षांत ६२ टक्के हत्ती गेले होते.

गोरिला आणि चिंपांझींच्या बाबतीत लिदीऐवजी घरटी मोजतात. हे वानर रोज रात्री झोपायला नवे घरटे बांधतात आणि ते पुढे बरेच दिवस टिकते. ५९ ठिकाणी ८,७०० किलोमीटर चालून २०१८ मध्ये जो आकडा मांडला गेला तो अपेक्षेपेक्षा मोठा निघाला: पश्चिमेकडच्या सखल जंगलांत सुमारे ३ लाख ६० हजार गोरिला. पण त्याच अभ्यासातल्या आणखी दोन आकड्यांनी आनंदावर विरजण पडले. ही संख्या दरसाल २.७ टक्क्यांनी घटते आहे, आणि या वानरांपैकी ८० टक्के संरक्षित क्षेत्राच्या बाहेर राहतात.

पायांच्या जोडीला आता कानही आले आहेत. काँगो प्रजासत्ताकातले न्वाबाले-न्डोकी राष्ट्रीय उद्यान गोव्याहून थोडेसेच मोठे. तिथे कॉर्नेल विद्यापीठाच्या प्रकल्पाने १,२५० चौरस किलोमीटरवर ५० रेकॉर्डर झाडांना टांगले, तेही हत्तीची सोंड पोहोचणार नाही इतक्या उंचीवर. ते रात्रंदिवस चालू असतात. हत्तींचा माणसाला जेमतेम ऐकू येणारा खोल हुंकार त्यांत टिपला जातो आणि शिकाऱ्याच्या बंदुकीचा बारही. पन्नास यंत्रे एक वर्ष चालली की पन्नास वर्षांचा आवाज जमतो. रोज आठ तास कान देऊन बसले तर तो ऐकायला दीडशे वर्षे लागतील. म्हणून ऐकण्याचे काम संगणकाकडे सोपवले आहे.

गॅबनमधल्या लोपे उद्यानात याच्या अगदी उलट पद्धत आहे. तिथे १९८०च्या दशकापासून दर महिन्याला माणसे तीच ठरावीक झाडे दुर्बिणीने न्याहाळतात. फूल आहे का, फळ कच्चे की पिकलेले, पाने नवी की जुनी, हे झाडागणिक लिहून ठेवतात. एका महिन्याची वही पाहिली तर तिच्यात लक्षात राहण्यासारखे काही नसते. तीस-बत्तीस वर्षांच्या वह्या एकत्र केल्यावर मात्र दिसले, की पूर्वी दर दहा झाडांमागे एकावर पिकलेले फळ सापडायचे. आता पन्नास झाडे पालथी घालावी लागतात. काही झाडांना फुलोऱ्यासाठी रात्रीचे तापमान १९ अंशांखाली यावे लागते, असा संशोधकांचा कयास आहे, आणि रात्री आता उबदार होत चालल्या आहेत. छायाचित्रांवरून तपासले तेव्हा २००८ ते २०१८ या काळात हत्तीही ११ टक्क्यांनी रोडावलेले आढळले. म्हणजे शिकारी नसला तरी जंगल हत्तीला पुरेलच असे नाही, हे त्या कंटाळवाण्या वह्यांनी सांगितले.

याच गॅबनमध्ये २०२१ साली लिदीतल्या डीएनएवरून देशभरातल्या हत्तींचा अंदाज बांधला गेला: सुमारे ९५,०००. शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे कमाल-किमान मर्यादाही सांगितली, ५९ हजार ते १ लाख ३१ हजार. आता जंगली हत्तिणीचे गणित पाहा. तिचे पहिले बाळंतपण साधारण २३व्या वर्षी होते आणि पुढच्या दोन पिल्लांत पाच-सहा वर्षांचे अंतर असते. कळप दुप्पट व्हायला साठेक वर्षे लागतात. शिकार पूर्ण थांबली, सगळे मनासारखे घडले, तरी पाच वर्षांत वाढ होईल जेमतेम सहा टक्के, म्हणजे साडेपाच-सहा हजार हत्ती. मोजणीतल्या अनिश्चिततेत ते कुठल्या कुठे हरवून जातील.

ऱ्हास मात्र लपत नाही. गॅबनच्याच मिन्केबे उद्यानात २००४ ते २०१४ या दहा वर्षांत सुमारे २५,००० हत्ती नाहीसे झाले, म्हणजे तिथल्या हत्तींपैकी जवळजवळ ८० टक्के. तेव्हा तीन किंवा पाच वर्षांसाठी निधी देऊन ‘हत्ती वाढले का?’ असे विचारणाऱ्याला खरे उत्तर मिळूच शकत नाही. पाच वर्षांची पाहणी अपयश दाखवू शकते. यश दिसायला मोजणाऱ्यांच्या किमान दोन पिढ्या लागतील, आणि तोवर एकाही वर्षाचे पान कोरे राहता कामा नये.