पावसाळ्यातलं तूस

जुलै महिन्यात रत्नागिरीतल्या एखाद्या ब्रॉयलर शेडमध्ये शिरलेला जाणता माणूस आधी कोंबड्यांकडे बघत नाही. तो वाकतो, मूठभर तूस उचलून घट्ट दाबतो. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, तर ओल जास्त. किंचित धरून मोडला, तर ठीक.

वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात तुसाची गादी कोरडी राखणं हेच मोठं काम. गादीत वीस-पंचवीस टक्के ओल चालते. त्यापुढे गेली की विष्ठा कुजून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरायला लागतात. माणूस बाहेर पडतो. कोंबडी चोवीस तास त्यातच. अमोनियानं तिच्या श्वासनलिकेतली बारीक लव निकामी होते आणि एरवी आतड्यात मुकाट राहणारे ई. कोलाय जिवाणू धुळीबरोबर थेट हवेच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. औषधाची बाटली यानंतर येते. बिघाड मात्र गळक्या पत्र्यापासून किंवा सांडणाऱ्या पाण्यापासून सुरू झालेला असतो.

म्हणून पावसात शेडवरची कामं वाढतात. झड येईल त्या बाजूचे पडदे लावायचे, पण वरून हवेला वाट ठेवायची. पाण्याची भांडी पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला टांगायची. तूस खालीवर करायचं, ढेपा झालेलं काढून टाकायचं, वर चुना भुरभुरायचा. उंदीर-घुशींचा बंदोबस्त तर हवाच, कारण मागच्या बॅचचा साल्मोनेला जिवाणू रिकाम्या शेडमध्येही त्यांच्या पोटात टिकून राहतो.

तरी खरी गोम पिल्लाच्या पहिल्या काही दिवसांत आहे. गावातली खुडूक कोंबडी पिल्लं घेऊन उकिरडा उकरते, तेव्हा तिच्या विष्ठेतले जिवाणू पिल्लांच्या आतड्यात आधी जागा धरतात. उबवणी केंद्रातून खोक्यात येणाऱ्या पिल्लाला आईच नसते. त्याच्या जवळजवळ कोऱ्या आतड्यात जो पहिला शिरेल तो ठाण मांडतो. फिनलंडमधल्या नुर्मी आणि रंताला यांनी १९७३ मध्ये हे दाखवून दिलं. मोठ्या निरोगी कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज पाजलेल्या पिल्लांमध्ये साल्मोनेलाला शिरकाव करणं अवघड गेलं.

आपल्याकडे सोपा रस्ता निघाला तो खाद्यातल्या प्रतिजैविकांचा. त्यातलं कोलिस्टिन हे माणसाच्या अतिगंभीर संसर्गात अगदी शेवटी वापरायचं औषध. त्याला दाद न देण्याचा गुण एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो, हे २०१५ मध्ये चीनमधून कळलं. केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये कोंबड्यांसह अन्न देणाऱ्या सर्व जनावरांसाठी ते बंद केलं. निर्णय योग्यच, फक्त कागदावरच्या बंदीनं गादी सुकत नाही.

माल उचलायच्या आधी काही तास खाद्य बंद करतात, म्हणजे कापताना आतडं फुटून घाण पसरायला नको. पण गाडी उशिरा आली की उपाशी पक्षी तूसच टोचू लागतात आणि आतड्याऐवजी गळ्यातली पिशवी जिवाणूंनी भरते. पुढे दुकानात गरम पाण्याचं एकच पिंप असेल, तर एका कोंबडीच्या पिसांतली घाण पुढच्या दहांना लागते. मांस दिसायला ताजंच असतं. घरी ते नळाखाली खळखळून धुतलं, तर शिंतोडे शेजारच्या कोशिंबिरीवर उडतात. रस्सा नीट उकळून आतपर्यंत शिजला, की जिवाणू मरतात.