संदर्भसूचीचें यंत्र आणि ग्रंथपालाचें काम

ग्रंथकारानें आपली माहिती कोठून घेतली हें प्रामाणिकपणें सांगावें, हा विद्येच्या व्यवहाराचा पहिला नियम होय. सावकाराची वही जशी देण्याघेण्याची साक्ष देते, तशी ग्रंथाच्या शेवटीं जोडलेली संदर्भसूची विचारांच्या ऋणाची साक्ष देते. पूर्वीं अशी सूची एकेक कार्ड हातानें लिहून तयार होत असे. शंकर गणेश दाते यांनीं सन १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची दोन भागांत सिद्ध केली. तिच्यामागील परिश्रमांची कल्पनाच केलेली बरी. आज हें काम पुष्कळ अंशीं संगणक करितो. तो तें कसें करितो, त्यांत मराठी ग्रंथांची गैरसोय कोठें होते, आणि ती दूर करण्यास ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यास काय करितां येईल, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

सूचीच्या कामीं उपयोगी पडणाऱ्या आज्ञावली, म्हणजे ज्यांस आपण सॉफ्टवेअर म्हणतों त्या, अनेक आहेत. त्यांपैकीं झोटेरो ही अमेरिकेच्या जॉर्ज मेसन विद्यापीठांतील इतिहासाच्या अभ्यासकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केली. ग्रंथालयाच्या सूचीचें पान संगणकावर उघडलें असतां ती ग्रंथाचें नांव, कर्ता, प्रकाशक, स्थळ व वर्ष हीं उचलून निरनिराळ्या रकान्यांत नोंदविते. लेख लिहितांना योग्य ठिकाणीं त्या नोंदीचा निर्देश केला म्हणजे शेवटची सूची आपोआप तयार होते. एका नियतकालिकास वर्ष कंसांत हवें असतें, दुसऱ्यास तें अखेरीस हवें असतें. लेखकानें केवळ पद्धति बदलावी, कीं शेंकडों नोंदी क्षणांत नव्या क्रमानें लागतात.

हे क्रम यंत्रास कोण शिकवितो? प्रत्येक पद्धतीचे नियम एका लहानशा पत्रकांत लिहिलेले असतात. हीं पत्रकें लिहिण्याची भाषा ब्रूस डार्कस या भूगोलाच्या अमेरिकन प्राध्यापकांनीं प्रथम योजिली. आज अशीं दहा हजारांहून अधिक पत्रकें कोणासही विनामूल्य मिळतात. झोटेरो ही ‘मुक्तस्रोत’ आहे, म्हणजे तिची घडण कुलुपांत ठेविलेली नाहीं. ती कोणींही पाहावी, चूक दिसल्यास सुधारावी व सुधारणा सर्वांस द्यावी, अशी परवानगी तिच्या कर्त्यांनींच दिली आहे. गांवच्या विहिरीचें पाणी जसें सर्वांचें, तसें तिचा गाळ काढण्याचें कामही सर्वांचें असतें, त्यांतलाच हा प्रकार होय.

आतां मराठीची अडचण पाहूं. पहिली अडचण नांवांची. आपण ‘श्रीधर व्यंकटेश केतकर’ असें लिहितों. सूचींत मात्र ‘केतकर’ प्रथम यावयास पाहिजे. नोंदणाऱ्यानें रकाने चुकविले तर ज्ञानकोशकार केतकर ‘श’ या अक्षराखालीं जाऊन बसतात, व शोधणारास सांपडत नाहींत. ‘केशवसुत’ यासारख्या टोपणनांवास तर आडनांवच नाहीं. तें एकाच रकान्यांत भरण्याची सोय आहे, पण ती ठाऊक असावी लागते. दुसरी अडचण वर्षाची. जुन्या मराठी ग्रंथांवर पुष्कळदां शक छापलेला असतो. शके १८४२ म्हणजे इसवी सन १९२०-२१. परंतु वर्षाच्या रकान्यांत १८४२ हा आंकडा तसाच भरला कीं ग्रंथ एकदम ७८ वर्षांनीं जुना होतो! तिसरी अडचण शब्दांची. ‘संपादक’, ‘आवृत्ति’, ‘पृष्ठ’, ‘आणि इतर’ हे शब्द यंत्रास प्रत्येक भाषेच्या स्वतंत्र पत्रकांतून मिळतात. जो शब्द त्या पत्रकांत नसेल, त्याच्या जागीं इंग्रजी शब्द येतो, आणि मराठी सूचींत इंग्रजी शब्दांचे खडे लागूं लागतात. शिवाय ‘दुसरी आवृत्ति’ पण ‘दुसरा खंड’, हा लिंगभेद मराठी जाणणाऱ्यानेंच यंत्रास सांगितला पाहिजे. परदेशांतील आज्ञावलीकार कितीही कुशल असला तरी त्याला हें कळणार कसें?

ज्याची अडचण त्यानेंच ती दूर करावी, याचें एक उत्तम उदाहरण जपानांत घडलें. नागोया विद्यापीठांत कायदा शिकविणारे फ्रँक बेनेट यांस जपानी आधार मूळ लिपींत, रोमन अक्षरांत व भाषांतरासह देण्याची गरज वाटली. त्यांनीं झोटेरोचीच एक बहुभाषिक आवृत्ति तयार केली. आणि पत्रकांचे नियम वाचून सूची रचणारा त्यांनीं लिहिलेला भाग खुद्द झोटेरोनें स्वीकारला. कायद्याच्या शिक्षकास जें साधलें, तें ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यास अशक्य कां मानावें?

काम करण्याची रीत अशी. हीं पत्रकें गिटहब नामक सार्वजनिक भांडारांत असतात. विद्यार्थ्यानें हव्या त्या पत्रकाची प्रत घ्यावी, तींत दुरुस्ती करावी, आणि कारण लिहून ती मूळ पत्रकांत घेण्याची विनंति करावी. यंत्र प्रथम तिची रचना तपासतें; नंतर जाणते स्वयंसेवक ती वाचतात, शंका विचारतात, व पटल्यास स्वीकारतात. यासाठीं मोठें गणित लागत नाहीं. काळजीपूर्वक वाचन, शुद्ध लेखन आणि सूचीकरणाचें ज्ञान लागतें. हेंच तर ग्रंथपालाचें भांडवल!

आमच्या छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. १९९४ पासून त्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव आहे. तेथें ग्रंथालयशास्त्र शिकविलें जातें, आणि तेथील प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारांत ठेविले जातात. एका प्रबंधाची सूची दुसऱ्या अभ्यासकाची वाट होते. तींतील एक चुकीची नोंद दहा जण उतरवून घेतात, आणि ज्या लेखकानें आयुष्य वेंचून ग्रंथ लिहिला त्याचें श्रेय हळूहळू पुसलें जातें. उलट, एका विद्यार्थ्यानें पत्रकांत सुधारलेला एक शब्द पुण्यास, नागपुरास व परदेशींच्या मराठी घरांतही तत्काळ उपयोगी पडतो.

रंगनाथन हे प्रथम गणिताचे शिक्षक होते. १९२४ सालीं ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या पांच नियमांत वाचकाचा वेळ वांचविणें हा एक आहे. तो पाळण्याचीं साधनें बदललीं, कर्तव्य बदललें नाहीं. आमच्या शाळकरी वाचकांनीं तर आजच आरंभ करावा: वहींत एखादें वाक्य उतरवून घेतलें कीं त्याखालीं ग्रंथकर्त्याचें नांव, ग्रंथ, वर्ष व पृष्ठ लिहावें, आणि शक असल्यास तसें स्पष्ट नमूद करावें. ही संवय ज्यास लागली, तोच उद्यां यंत्रासही मराठी नीट शिकवील.