ऊसतोडीचे शब्द

अनोळखी शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी आपण कोश उघडतो. पण काही अर्थ कोशात नसतात. ते मुकादमाच्या वहीत असतात. आमच्या बीड जिल्ह्यातला ‘कोयता’ हा असा एक शब्द. कोशाच्या लेखी ते तोडणीचे हत्यार. परंतु दसरा-दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, पाटोदा, गेवराई या भागांत ‘दहा कोयते ठरले’ असे कानी पडले, तर त्याचा अर्थ नवराबायकोच्या दहा जोड्या, म्हणजे माणसे वीस. एकटा गडी किंवा एकटी बाई असेल, तर तो ‘अर्धा कोयता’!

भाले आत शिरले म्हटले की भालाईत आत शिरले असे समजावे, ही लक्षणा आपल्या साहित्यशास्त्रकारांनी फार पूर्वीच सांगून ठेवली आहे. इंग्रजीतही कारखान्याच्या मजुराला ‘हात’ म्हणण्याची रीत आहे. पण हात निदान माणसाचा तरी असतो. येथे तर दोघांचे मिळून एक हत्यार झाले! त्याचे कारण हिशेबात आहे. मजुरी टनावर, एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या. उचल जोडीला मिळते आणि बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. बाईचे नाव त्या खात्यात वेगळे दिसत नाही. हंगामाच्या तोंडावर कोवळ्या मुलींची लग्ने उरकली जातात, त्यामागेही अर्धा कोयता पुरा करण्याचा विचार पुष्कळदा असतो.

‘मुकादम’ हा अरबी शब्द. पुढे असणारा, अग्रणी, असा त्याचा अर्थ. दख्खनेत तो गावच्या पाटलालाही लावीत. ‘हंगाम’ फारशीतून आला. १९४८ साली मराठवाड्यातील निजामी राजवट गेली, शब्द राहिले. ‘उचल’ मात्र अस्सल मराठी. घेताना पैसा उचलायचा. फिटली नाही, की तीच पुढच्या हंगामात अंगावर येते. उसाच्या हिरव्या शेंड्याला ‘वाढे’, राहण्याच्या झोपडीला ‘कोपी’, आणि कारखान्याचे गाळप संपले की ‘पट्टा पडला’.

‘खाडा’ हा शब्द शहरातल्या गृहिणींना चांगला परिचित आहे. मोलकरणीचा खाडा म्हणजे फार तर एका दिवसाचा पगार कापला जातो. उसाच्या फडात मात्र खाड्याला दंड असतो, आणि तो कित्येकदा दिवसाच्या मजुरीहूनही जास्त. पाळी असो, गरोदरपण असो, खाडा तो खाडाच.

या खाड्याच्या शेजारीच ‘पिशवी’ हा शब्द ठेवून पाहावा. गर्भाशयाला पिशवी म्हणणे महाराष्ट्रात सर्वत्र आहे, आणि वरवर पाहता त्यात लाजेचा आडपडदा तेवढा दिसतो. पण गर्भाशय काढायचे म्हटल्यावर बाई दचकेल; पिशवी काढायची म्हटल्यावर तितकी दचकत नाही, कारण पिशवी ही मुळातच शरीराबाहेरची वस्तू. २०१९ साली सरकारने बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ‘पिशवी काढलेली’ होती. त्यांत चाळिशीच्या आतल्याही अनेक होत्या.