‘आमच्याकडे तशी सोय नाही हो’

प्रवेशाच्या दिवसांत शाळांच्या ऑफिसबाहेर पालकांची गर्दी असते. त्या गर्दीत कानामागे श्रवणयंत्र असलेल्या मुलाला किंवा वॉकर धरलेल्या मुलीला सांभाळत उभी असलेली आई असली, की खिडकीतून येणारं उत्तर बहुधा ठरलेलं असतं : ‘आमच्याकडे तशी सोय नाही हो, तुम्ही स्पेशल स्कूल बघा ना.’ बोलणारी व्यक्ती वाईट नसते. शाळेला नाही म्हणता येतं आणि त्यातच मुलाचं भलं आहे, असं तिला मनापासून वाटतं. गोरेगाव पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय, ही समजूत सगळीकडे सारखीच घट्ट आहे. ती चुकीची आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 सालचा. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला आणि त्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं आली. 1995च्या जुन्या कायद्यात ती फक्त सात होती. सरकारचा किंवा महापालिकेचा निधी अथवा मान्यता असलेल्या सगळ्या शाळांनी समावेशक शिक्षण द्यावं, हे या कायद्याचं कलम 16 सांगतं. त्यातली पहिलीच बाब म्हणजे भेदभाव न करता प्रवेश. म्हणजे सोय नाही हे मुलाला परत पाठवायचं कारण होऊ शकत नाही. सोय करणं हेच शाळेचं काम आहे. विनाअनुदानित शाळासुद्धा मान्यतेवरच चालते, त्यामुळे तीही यातून सुटत नाही. ‘आम्ही अल्पसंख्याक संस्था, आम्हाला आरटीई लागू नाही’ असंही काही ठिकाणी ऐकवलं जातं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2014च्या निकालानं त्या शाळा शिक्षण हक्क कायद्यातून (आरटीई) वगळल्या, हे खरं. पण कलम 16 मध्ये अशी सूट कुठेही नाही.

ज्या शाळांना आरटीई लागू आहे, तिथे प्रवेशाआधी मुलाची चाचणी किंवा मुलाखत घेता येत नाही. ‘आधी बोलायला लागू दे, एका जागी बसायला शिकू दे, मग आणा’ ही अट त्यात बसत नाही. 2012च्या दुरुस्तीनं दिव्यांग मुलं वंचित घटकात आली, त्यामुळे 25 टक्के राखीव जागांसाठी त्यांचा अर्ज करता येतो आणि त्याला उत्पन्नाची अटही नसते. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी पालक हा अर्ज भरतच नाहीत.

‘खास मुलांनी खास शाळेतच जावं’ हे मत इतकं रुजलेलं आहे, त्यालाही कारण आहे. मुंबईत खास शाळांची परंपरा मोठी आणि मानाची आहे. दादरची कमला मेहता अंधशाळा 1900 पासून चालते, शिवडीची जय वकील शाळा 1944 पासून. या संस्थांनी जमवलेलं ज्ञान मोलाचं आहे आणि समावेशक शिक्षण म्हणजे त्यांना टाळं, असा अर्थ कुणी काढू नये. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा खास शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिव्यांग हक्क कायदा देतो, आणि निवड त्यानं करायची असते. सांकेतिक भाषेत वाढणाऱ्या बहिऱ्या मुलाला सुरुवातीची वर्षं तशाच मुलांच्या शाळेत जास्त लाभू शकतात. पण मूल सहा वर्षांचं, घर दिंडोशीत आणि शाळा शिवडीला, असं असेल तर त्याचा दिवस प्रवासातच संपतो. महाराष्ट्रात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. ज्या शाळेत बहीण जाते, बिल्डिंगमधली मुलं जातात, तिथे जाण्यानं मुलाला संध्याकाळी खेळायला बोलावणारं कुणीतरी मिळतं. माझ्या मते याचं वजन गुणपत्रिकेइतकंच आहे.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज मात्र शाळेच्या आतला आहे. मुलाला वर्गात बसवलं की समावेश झाला, असं मानलं जातं.

श्रवणयंत्राचंच बघा. यंत्र घातलं की मुलाला आपल्यासारखं ऐकू येतं, असं वाटतं. यंत्र आवाज मोठा करतं. पंख्याची घरघर, बाक सरकल्याचा कर्कश आवाज, एस. व्ही. रोडवरचे हॉर्न हेही त्याबरोबर मोठे होतात. शिक्षकांचा आवाज अंतर वाढेल तसा विरत जातो. अशा मुलाला मागच्या बाकावर, रस्त्याकडच्या खिडकीपाशी बसवलं आणि बाई फळ्याकडे तोंड करून शिकवत राहिल्या, तर त्याच्या कानात फक्त गोंगाट पोचतो. महिन्याभरात त्याच्या वहीवर शेरा येतो : ‘लक्ष देत नाही’. त्याला पुढे, रस्त्यापासून लांब बसवणं, लिहून झाल्यावर वळून बोलणं, दुसऱ्या मुलानं दिलेलं उत्तर एकदा स्वतः मोठ्यानं म्हणणं, गृहपाठ तोंडी न सांगता फळ्यावर लिहिणं, यांतल्या कशालाच पैसे लागत नाहीत. कमी दिसणाऱ्या मुलीसाठी प्रश्नपत्रिकेची मोठी झेरॉक्स काढायला किती खर्च येतो? ‘समावेश परवडत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी एवढं करून पाहावं. रॅम्प आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह यांना खर्च येतो, तो करायलाच हवा. पण बिनखर्चाच्या गोष्टी त्यासाठी अडून राहायचं कारण नाही.

शिक्षकांची अडचण खरी आहे. प्राथमिक वर्गात 30 मुलांमागे एक शिक्षक असावा असं शिक्षण हक्क कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अनेक वर्गांत त्याहून कितीतरी जास्त मुलं असतात. प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितलं. त्याची मागणी शाळेनं आणि पालकांनी मिळून सरकारकडे करायला हवी. होतं मात्र असं, की सगळा भार मुलाच्या आईवर किंवा तिनं पगार देऊन ठेवलेल्या मदतनिसावर येतो.

‘अशा मुलामुळे बाकीच्यांचा अभ्यास बुडतो’ ही भीती पालकसभेत उघडपणे बोलली जाते. इंग्लंडमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये या प्रश्नावरचे 26 अभ्यास एकत्र तपासले. त्यातल्या 81 टक्के निष्कर्षांत इतर मुलांवर चांगला परिणाम दिसला किंवा काहीच फरक पडलेला नव्हता. वर्गात पुरेशी मदत असणं महत्त्वाचं, हे अर्थातच आलं.

शरीर साथ देत नसलं की बुद्धीही कमी, ही समजूत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांना फार छळते. मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी सुरू केली, ती मुलगी मालिनी चिब हिच्यामुळे. मालिनीचं बोलणं अनोळखी माणसाला चटकन समजत नाही. ती सेंट झेवियर्समधून पदवीधर झाली, लंडनला जाऊन शिकली आणि एका बोटानं टाइप करून तिनं आत्मचरित्र लिहिलं. खास शाळेपासून सुरुवात केलेली तिच्या आईची संस्था, आजची ‘अडॅप्ट’, पुढे समावेशक शिक्षणाची खंदी पुरस्कर्ती झाली.

परीक्षेतल्या सवलतींना ‘फुकटचे मार्क’ म्हटलं जातं. लेखनिक मुलाच्या तोंडून आलेलं उत्तर उतरवतो, स्वतःचं लिहीत नाही. तासामागे किमान 20 मिनिटं जास्त मिळतात, ती हात किंवा डोळे सावकाश चालतात म्हणून. 40 टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर काहीच मिळत नाही, हेही खरं नाही. लेखनिकाची सवलत त्या आकड्यापुरती मर्यादित नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी 2021 मध्ये स्पष्ट केलं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारणपणे वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळतं. तोवर वाचनात अडखळणाऱ्या मुलाला मदत न करता ताटकळत ठेवायचं नसतं.

शाळेनं नकार दिला, तर तो लेखी मागा. प्रवेशाचा अर्जही लेखीच द्या आणि पोच घ्या. पालिकेच्या शाळेबाबत पालिकेच्या शिक्षण विभागाकडे, खासगी माध्यमिक शाळेबाबत मुंबईच्या पश्चिम विभागाच्या शिक्षण निरीक्षकांकडे तक्रार करता येते. तिथे दाद लागली नाही, तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येतं. दिव्यांग हक्क कायद्याच्या पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि प्रवेश मिळाला, की पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकांना भेटून मूल कुठे बसेल, फळ्यावरचं कसं उतरवून घेईल आणि मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खाईल, एवढं ठरवून घ्या.