फटफटीखालचा तेलाचा डाग

नागपूरच्या वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढला, कीं गाडींतील तेल पातळ होतें आणि हिवाळाभर गप्प असलेली फट वाहूं लागते. अंगणांतील जुन्या बुलेटखालीं रुपयाएवढा काळा डाग पडतो, तो असाच.

१९५५ पासून मद्रासला जुळणी होऊं लागलेल्या या गाडीच्या डाव्या अंगास प्रायमरी चेनकेस असते. तिचें झांकण मधल्या एकाच नटावर आणि रबरी रिंगेवर बसतें. पण डागाच्या बरोबर वरच फट असेल असें नाहीं. तेल ओघळत दूर जातें. यासाठीं थंड इंजिन पुसून कोरडें करावें, खडूची पूड चोळावी (खडूचा हा उपयोग शाळेंत शिकवीत नाहींत!) आणि गाडी उभीच ठेवून इंजिन दहा मिनिटें चालवावें. ओली रेघ जेथून निघेल, तेंच मूळ.

झांकण गळत असल्यास नट करकचून आवळण्याचा मोह आवरावा. त्यानें झांकण वाकतें व गळती वाढते. इंजिन निवल्यावर आड येणारें पायदान काढून, खालीं परात ठेवून झांकण सोडवावें, खांच पुसावी, नवी रिंग बसवावी. तेल भरतांना लेव्हल स्क्रूच्या भोकांतून तें डोकावतांच थांबावें. मागच्या टायरवर तेल उडालें असल्यास तो साबणानें धुतल्याखेरीज गाडी रस्त्यावर काढूं नये. पहिल्याच वळणावर चाक निसटतें.