नाव काठाला कोठे बांधावी?

बिहारमध्ये सुलतानगंजपासून कहलगावपर्यंतची गंगा हिवाळ्यात इतकी संथ दिसते की, तिच्या पाण्याला काही जोर असेल असे पाहणाऱ्यास वाटू नये. मासेमारीच्या व वाहतुकीच्या लहान नावा सायंकाळी काठाला लागतात आणि रात्रभर तेथेच राहतात. नाव हीच ज्याची मिळकत, त्याची नाव रात्री वाहून गेली अथवा कोसळत्या दरडीखाली सापडली, तर पोटापाण्याचे साधनच जाते. तेव्हा नाव कोठे व कशी बांधावी हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

नदीचे सर्व पाणी एकाच वेगाने वाहत नाही. तळाशी व काठाशी घर्षणामुळे ते मंदावते. मध्यप्रवाहात, पृष्ठभागाजवळ, ते सर्वांत वेगवान असते. प्रवाहाविरुद्ध जाणारी नाव काठ धरून चालते ती ह्याचमुळे. शिवाय वेग दुप्पट झाला की नावेवरील पाण्याचा जोर दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होतो. हिवाळ्यात सहज पुरणारा दोर श्रावणात तुटतो, त्याचे कारण हे.

वळणावर प्रकार आणखी निराळा होतो. पेल्यातील चहा ढवळला असता तळाची पत्ती कडेला न जाता मध्यभागी गोळा होते. ह्या साध्या घटनेच्या आधारे आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९२६ साली नद्यांच्या वळणांची मीमांसा केली. वळणावर पृष्ठभागाचे वेगवान पाणी बाहेरच्या काठाकडे लोटले जाते, तेथे खाली वळते आणि तळाचा गाळ घेऊन आतल्या काठाकडे येते. परिणामी बाहेरचा काठ कोरला जातो व आतल्या काठाशी वाळू साचते.

बाहेरच्या काठाशी पाणी खोल असते. नाव अगदी जवळ लागते, माल चढविणे सोपे जाते, आणि नवख्याला हीच जागा उत्तम वाटते. परंतु ती उभी कड खालून पोखरलेली असते. तिला पूर चढताना धोका असतोच. पण पूर ओसरताना तो कित्येकदा अधिक असतो. पावसाळ्यानंतर नदीचे पाणी उतरते, मातीत मुरलेले पाणी मात्र तितक्या लवकर निघून जात नाही. कड आतून जड राहते आणि तिला बाहेरून रेटून धरणारे पाणी गेलेले असते. मग एखाद्या रात्री, वाराही नसताना, ती ढासळते. काठाला समांतर गेलेली भेग, नुकतीच पडलेली ढेकळे, पाण्याकडे कललेले झाड ही त्याची पूर्वचिन्हे होत. असे झाड दोरासाठी कितीही सोयीचे असले तरी त्याला नाव बांधू नये.

आतल्या काठाशी पाणी उथळ. सायंकाळी तरंगणारी नाव पहाटे वाळूत रुतलेली आढळते. तरी रुतलेली नाव ढकलून काढता येते, गाडली गेलेली नाही. सरळ पात्रातील उतरता काठ मिळाल्यास तो दोहोंहून बरा.

काठाला येताना नावेचे तोंड प्रवाहाकडे असावे. सुकाणू चालते ते त्यावरून वाहणाऱ्या पाण्यामुळे. तोंड प्रवाहाकडे असले म्हणजे काठाशी नाव जवळजवळ थांबली असतानाही ती ताब्यात राहते. मात्र पुढे आलेल्या भूशिराच्या आडोशाला पाणी उलटे फिरते. तेथे नदीचा नव्हे, त्या जागेच्या पाण्याचा रोख पाहावा. अशाच खोल, फिरत्या पाण्यात गंगेतील डॉल्फिन वावरतो. १९९१ पासून हा पट्टा त्याचे अभयारण्य आहे.

खुंट कडेपासून बराच आत ठोकावा. दोर ताठ बांधल्यास पाणी उतरताच नाव त्याला लटकते आणि चढताच तिची एक बाजू पाण्याखाली खेचली जाते. नांगर टाकल्यास त्याचा दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडतात. त्यामुळे ताण आडवा पडून नांगर तळात रुततो, आखूड दोराने तो उचलला जातो. प्रवाहाच्या वरच्या अंगाचा दोर प्रथम बांधावा व निघताना शेवटी सोडावा. तो आधी सुटला तर पाणी नावेला आडवे धरते आणि मागच्या दोराभोवती गरकन फिरविते.